मोरियार्टी मेला. मॅग्नुसनचं काय?

गेल्या महिन्यात रात्री साडेअकराला भाचीचा फोन आला. ‘‘मामा, खरं सांग. तो जिवंत आहे ना?’’

तो म्हणजे जिम मोरियार्टी. बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेतला खलनायक. भाची ही मालिका पहिल्यांदाच पाहत होती आणि तिसऱ्या पर्वाच्या शेवटच्या मिनिटाला पोचली होती. ज्या माणसानं दुसऱ्या पर्वाच्या शेवटी स्वतःच्या तोंडात पिस्तूल घालून चाप ओढला, तोच आता इंग्लंडमधल्या प्रत्येक पडद्यावर झळकत होता आणि माझी आठवण आली का, असं विचारत होता. श्रेयनामावली संपल्यावर तर तो स्वतःच उभा.

मी उत्तर दिलं नाही. तो भाग इंग्लंडमध्ये १२ जानेवारी २०१४ रोजी दाखवला गेला आणि चौथं पर्व सुरू झालं १ जानेवारी २०१७ला. मधली जवळजवळ तीन वर्षं जगभरचे चाहते या एका प्रश्नावर झोप उडवून बसले होते. भाचीच्या वाट्याला निदान दोन रात्री तरी याव्यात, असं मला वाटलं.

रविवारी ती वही घेऊन घरी आली. वहीत तीन तर्क होते. तिन्ही तिनं स्वतःच्या डोक्यानं काढले होते, आणि तिन्ही तेच होते जे २०१४ साली लोकांनी काढले होते. मला याचा मनापासून आनंद झाला. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वर्षी बसलेली माणसं तेच दुवे उचलून त्याच जागी पोचतात, तेव्हा ते दुवे खरोखर तिथे असतात.

पहिला तर्क, रक्त खोटं. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या गच्चीवर मोरियार्टी कोसळतो, डोक्यामागे रक्त पसरतं, पण त्याची नाडी कुणीच पाहत नाही. शेरलॉक दचकून मागे सरतो. त्याच रुग्णालयाच्या शवागारात मॉली काम करते. पहिल्या पर्वात ‘आयटीतला जिम’ म्हणून मोरियार्टी याच मॉलीला फिरवत होता. शेरलॉकच्या खोट्या मरणासाठी मॉलीनं प्रेताची सोय केली, मग दुसऱ्यासाठी का नाही?

दुसरा तर्क जास्त देखणा आहे. गच्चीच्या आधी मोरियार्टी वर्तमानपत्रांना पटवून देतो की आपण खलनायक नाहीच, आपण रिचर्ड ब्रूक नावाचे नट आहोत आणि शेरलॉकनं आपल्याला भाड्यानं घेतलंय. रिच ब्रूक म्हणजे जर्मनमध्ये रायखेनबाख. मूळ कथेत होम्स आणि मोरियार्टी ज्या स्विस धबधब्यात कोसळतात, तोच. मग गच्चीवर मेला तो खरोखरच एखादा नट असला तर?

तिसरा तर्क भावाचा. याला आर्थर कॉनन डॉयलचाच आधार आहे. १८९३च्या ‘द फायनल प्रॉब्लेम’मध्ये प्राध्यापक मोरियार्टीच्या भावाचं नाव कर्नल जेम्स मोरियार्टी. दहा वर्षांनी ‘द एम्प्टी हाऊस’मध्ये डॉयल प्राध्यापकाचंही नाव जेम्स लिहून मोकळा झाला. त्यानंतरच्या ‘द व्हॅली ऑफ फिअर’मध्ये आणखी एक धाकटा भाऊ निघाला, पश्चिम इंग्लंडात कुठेसा स्टेशनमास्तर. एकाच घरात एकाच नावाचे दोघे आणि वर एक स्टेशनमास्तर! जुळ्या भावाचा तर्क एवढ्या मालमसाल्यावर उभा राहणारच.

अशा तर्कांना रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे लोक मला भेटतात. त्यांना मी सरळ सांगतो, तुम्ही वाचत नाही आणि बघतही नाही. भालबा केळकरांच्या मराठी अनुवादातून मला होम्स भेटला तेव्हा मी शाळेत होतो. आमच्या वाचनालयात ते पुस्तक एका वेळी एकालाच मिळायचं आणि पुढचा नंबर लावलेला मुलगा दारात उभा राहून ‘खुनी कोण ते सांगू नकोस’ म्हणून विनवायचा. चाहत्यांची ही जात तेव्हापासूनची आहे. गोष्ट संपली तरी तिच्यातून बाहेर पडायला ती तयार नसते. एक चौकट थांबवून पिस्तूल कोणत्या हातात आहे हे बघणारा प्रेक्षक लेखकाला जो मान देतो, तो कुठलंही पारितोषिक देऊ शकत नाही. दुसरं पर्व संपल्यावर लंडनमध्ये त्या रुग्णालयाजवळच्या लाल टेलिफोन खोलीवर लोकांनी ‘आमचा शेरलॉकवर विश्वास आहे’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. विश्वास हा शब्द त्यांनी उगाच वापरला नव्हता.

आता त्या विश्वासाचं पुढे काय केलं गेलं, ते बघू.

गच्चीवरचं ते मरण मला आजही मालिकेतला सर्वांत उत्तम लिहिलेला क्षण वाटतो. मोरियार्टीनं शेरलॉकच्या तीन जिवलगांवर बंदूकधारी लावलेत. शेरलॉकनं खाली उडी मारली नाही तर जॉन, मिसेस हडसन आणि लेस्ट्राड मरणार. शेरलॉकच्या लक्षात येतं की हे थांबवायचा इशारा मोरियार्टीकडे आहे, म्हणजे तो जिवंत आहे तोवर वाट उघडी आहे. मोरियार्टीच्याही तेच लक्षात येतं. तो हात मिळवतो, आभार मानतो आणि ती वाट कायमची बंद करतो. त्याचं मरण म्हणजे कुलूप आहे. तो जिवंत निघाला असता तर हे कुलूप खोटं ठरलं असतं आणि अँड्र्यू स्कॉटच्या त्या पाच-सात मिनिटांतला सगळा दम निघून गेला असता. या भूमिकेसाठी त्याला २०१२चा बाफ्टा मिळाला, तो योग्यच होता.

म्हणूनच मी पहिल्या दिवसापासून ‘मेला’ या बाजूचा होतो. मालिकेचे कर्ते स्टीव्हन मॉफट आणि मार्क गॅटिसही मुलाखतींत तो मेलाय असंच सांगत होते. लोकांनी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, यात लोकांचा काय दोष? पडद्यावर तो चेहरा त्यांनीच लावला होता. तोंडानं ‘मेला’ म्हणायचं आणि चित्रानं ‘आला’ म्हणायचं, तर प्रेक्षक चित्रालाच खरं मानणार. टीव्ही हे चित्राचंच माध्यम आहे.

१ जानेवारी २०१६च्या ‘द अबॉमिनेबल ब्राइड’ या खास भागात तर त्यांनी दीड तास शिकवणीच घेतली. १८९५चं लंडन, नवरीच्या वेशातली एक बाई सज्जात येते, सगळ्यांसमोर तोंडात गोळी झाडून मरते आणि त्याच रात्री येऊन नवऱ्याला ठार करते. दुसरं पिस्तूल, पडद्यावर उडवलेलं रक्त, बदललेलं प्रेत, सगळं उकलून दाखवलं. तोंडात झाडलेल्या गोळीचं सोंग कसं वठवायचं याचा संपूर्ण धडा. आणि शेवटी शेरलॉक निर्वाळा देतो की मोरियार्टी मात्र नक्की मेलाय. पण पुढे तो काय करणार हे आपल्याला ठाऊक आहे, असंही वर सांगतो. प्रेक्षकानं यातून काय घ्यायचं होतं?

तरीही माझी खरी तक्रार ही नाही. गळ टाकणं हा रहस्यकथेचा धर्मच आहे. माझी तक्रार तो गळ कशासाठी टाकला याबद्दल आहे, आणि ती मला भाचीच्या वहीमुळे सुचली.

वहीतले तिन्ही तर्क ऐकून झाल्यावर मी तिला विचारलं, ‘‘मोरियार्टीचा चेहरा दिसायच्या अगदी आधी काय घडतं?’’

‘‘शेरलॉक विमानात बसतो.’’

‘‘का बसतो?’’

ती थोडा वेळ गप्प बसली. तिला आठवायला लागलं. दोन दिवसांत ती तो शेवट सहा वेळा पाहून बसली होती, आणि तिला आठवायला लागलं!

शेरलॉक विमानात बसतो, कारण त्यानं खून केलेला असतो. चार्ल्स ऑगस्टस मॅग्नुसन. वृत्तपत्रांचा मालक, लोकांची गुपितं धरून त्यांना पिळणारा. लार्स मिकेलसननं हा माणूस असा उभा केलाय की बघताना अंगावर पाल पडल्यासारखं वाटतं. त्याच्या घरात गुपितांची कागदपत्रं नाहीतच, सगळी त्याच्या डोक्यात आहेत, हे कळल्यावर शेरलॉक जॉनच्या खिशातलं पिस्तूल घेऊन त्या डोक्यात गोळी घालतो. मॅग्नुसनच्या हातात शस्त्र नाही. समोर शेरलॉकचा भाऊ मायक्रॉफ्ट याचं हेलिकॉप्टर घोंघावतंय, सशस्त्र तुकडी उभी आहे. एवढ्या साक्षीदारांसमोर मालिकेचा नायक थंड डोक्यानं एका निःशस्त्र माणसाला मारतो. शिक्षा म्हणून त्याला पूर्व युरोपातल्या अशा कामगिरीवर धाडलं जातं जिथून तो परत येणार नाही. जॉनचा निरोप घेऊन तो निघतो. विमान उडतं. चार मिनिटांत पडद्यावर मोरियार्टी येतो आणि विमान माघारी बोलावलं जातं.

चार मिनिटं! नायकानं केलेल्या खुनाची शिक्षा चार मिनिटं टिकली.

मेलेला खलनायक परत आला तो नायकाचे हात धुवायला. त्याच्या चेहऱ्याचं दुसरं काही काम नव्हतं. त्यानं त्या दिवशी कुणाला मारलं नाही, काही उडवलं नाही, काही मागितलं नाही. फक्त शेरलॉक परत हवा अशी गरज निर्माण केली. आणि आपण सगळे, लंडनपासून पुण्यापर्यंत, मोरियार्टीची नाडी चाचपत राहिलो. मॅग्नुसनच्या नाडीवर कुणी बोट ठेवलं नाही. तीन वर्षं खोट्या रक्ताची चर्चा झाली, खऱ्या रक्ताची झालीच नाही.

चौथ्या पर्वाचा पहिला भाग, ‘द सिक्स थॅचर्स’, सुरू होतो तो या खुनाचा निकाल लावूनच. एका बंद खोलीत बडे लोक बसलेत. समोर त्या प्रसंगाचं चित्रण, आणि ते बदललेलं आहे. आता त्यात गोळी झाडतो तो शेरलॉक नाही, तुकडीतला कुणी उतावळा शिपाई. शेरलॉक शेजारी बसून हसतखेळत बोलतोय. प्रसंग विनोदी अंगानं लिहिलाय. पहिल्यांदा बघताना मी हसलो होतो. या वेळी भाचीबरोबर बघताना मला ते सहन झालं नाही. नायकाचा गुन्हा एका बिननावाच्या शिपायाच्या अंगावर ढकलला जातो, खोलीतली सगळी माणसं मान डोलावतात, आणि त्या शिपायाचं पुढे काय होतं हे मालिका विचारतही नाही. हे दृश्य आपल्याला कुठल्याही देशाच्या कुठल्याही बातमीत भेटेल, आणि तिथे आपण हसत नाही.

यात दुखणारी गोष्ट अशी की त्याच खोलीत एक अतिशय प्रामाणिक दुवा ठेवलेला आहे. टिपणं घेणारी एक वयस्क सेक्रेटरी कोपऱ्यात बसलेली असते. तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, प्रेक्षकाचंही नाही. भागाच्या शेवटी तीच गुन्हेगार निघते. हा खरा खेळ झाला. डोळ्यांसमोर ठेवायचं आणि तरी दिसू द्यायचं नाही. या लेखकांना हे येत होतं. येत असून त्यांनी मोरियार्टीच्या बाबतीत ते केलं नाही, म्हणून राग येतो.

डॉयलनं काय केलं ते बघा. मॅग्नुसन ज्याच्यावर बेतलाय तो चार्ल्स ऑगस्टस मिलव्हर्टन. १९०४ची गोष्ट. होम्स आणि वॉटसन त्याच्या घरात चोरून शिरलेत, पडद्याआड लपलेत. मिलव्हर्टननं उद्ध्वस्त केलेली एक बाई येते आणि त्याला गोळ्या घालते. होम्स वॉटसनला अडवतो, तिजोरीतली पत्रं जाळतो, आणि दुसऱ्या दिवशी पोलिस अधिकारी लेस्ट्राड मदत मागायला येतो तेव्हा नकार देतो. नैतिक प्रश्न इथेही आहेच. होम्स कायदा मोडतो, खुनाकडे काणाडोळा करतो. पण सूड घ्यायचा हक्क डॉयलनं जिचा संसार मोडला तिच्याकडे ठेवला. ‘शेरलॉक’नं तो तिच्याकडून काढून नायकाच्या हातात दिला आणि मग नायकाला त्याच्या परिणामांतून सोडवायला मेलेला माणूस उठवला.

आणि मोरियार्टीला डॉयलनं कधीच परत आणलं नाही. होम्सला आणावं लागलं. वाचकांनी पिच्छा सोडला नाही, म्हणून १९०३ मध्ये होम्स धबधब्याच्या कड्यावरून जिवंत परतला. मोरियार्टी मात्र पाण्यातच राहिला. प्रेत सापडलं नव्हतं, म्हणजे दार उघडंच होतं. डॉयल त्या दारातून गेला नाही. पुन्हा मोरियार्टी हवासा वाटला तेव्हा ‘द व्हॅली ऑफ फिअर’ त्यानं धबधब्याच्या आधीच्या काळात नेऊन ठेवली.

ही वाट आपल्या मालिकांनाही सापडली होती. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ मध्ये अण्णा नाईकांच्या मरणापासून सुरू झाली. लोकांना अण्णा हवे होते, म्हणून २०१९च्या दुसऱ्या पर्वानं काळ मागे नेला आणि जिवंतपणीचे अण्णा दाखवले. माधव अभ्यंकरांनी ते असे रंगवले की घराघरांत अण्णांची नक्कल व्हायला लागली. तिसऱ्या पर्वात अण्णा भूत म्हणून आले, भूत म्हणूनच वावरले. त्या मालिकेबद्दल मला बऱ्याच तक्रारी आहेत. पण अण्णा मेले या वाक्याशी तिनं दगाफटका केला नाही.

‘शेरलॉक’च्या चौथ्या पर्वात तो गळ पुन्हा पुन्हा वापरला. थॅचरबाईंचे पुतळे फुटायला लागले की शेरलॉकला मोरियार्टी दिसतो; निघतं जॉनच्या बायकोचं जुनं प्रकरण. ती मरते, मागे एक तबकडी येते, तिच्यावर मोरियार्टीचाच तो प्रश्न लिहिलेला. आत निघतो बायकोचा निरोप. पुढच्या भागात एका कागदावर अतिनील प्रकाशात तीच अक्षरं उमटतात. तिथे निघते शेरलॉकची बहीण. १५ जानेवारी २०१७च्या शेवटच्या भागात मोरियार्टी खरोखर हेलिकॉप्टरमधून उतरतो, क्षणभर काळीज थांबतं, आणि पडद्यावर अक्षरं येतात की हे पाच वर्षांपूर्वीचं आहे. कैदेतल्या युरस या बहिणीला मायक्रॉफ्टनं त्याच्याबरोबर पाच मिनिटं दिली होती आणि तेवढ्यात दोघांचं जमलं. देशभर दिसलेला चेहरा म्हणजे आधीच करून ठेवलेलं चित्रण. चाहत्यांच्या तर्कांतलं सर्वांत साधं उत्तर. युरस तिथे मोरियार्टीच्या स्टेशनमास्तर भावाचा उल्लेखही करते. म्हणजे भावाचा दुवा त्यांनाही ठाऊक होता आणि तो त्यांनी जाता जाता उडवून लावला.

तेव्हा काही चाहत्यांना हे संपलंय हेच पटेना. त्यांनी पुढच्या रविवारी, २२ जानेवारीला, बीबीसीवर सुरू होणारी ‘ॲपल ट्री यार्ड’ ही मालिका म्हणजे झाकण आहे आणि आत ‘शेरलॉक’चा लपवलेला खरा शेवट आहे, असं ठरवलं. रविवार आला. ‘ॲपल ट्री यार्ड’ ही ‘ॲपल ट्री यार्ड’च होती, एमिली वॉटसनची. या लोकांची फार टिंगल झाली. मी त्यांच्या बाजूनं उभा आहे. कोडं घालणाऱ्यानं तीन वर्षं ‘आणखी खोल बघा’ म्हटलं, ते बघत राहिले. आत काही नव्हतं, याची लाज बघणाऱ्यांनी का बाळगायची?

पण त्यांनाही एक विचारायचंय, आणि मलाही. आपण एवढे बारीक बघणारे, चौकट थांबवणारे, जर्मन शब्द फोडणारे. मग खून डोळ्यांसमोर झाला तेव्हा कुठे होतो? मॅग्नुसन किळसवाणा होता, त्यानं जॉनच्या तोंडावर टिचक्या मारल्या होत्या, म्हणून त्या गोळीला मी टाळी दिली. आवडत्या माणसानं गोळी झाडली की आपली शोधक नजर आंधळी होते, हे मॉफट-गॅटिस यांनी ओळखलं होतं. मोरियार्टीचा चेहरा त्यांनी बरोबर तिथे लावला, जिथे आपण दुसरीकडे बघायला उत्सुक होतो.

भाचीनं वहीचं नवं पान काढलं. शेवटच्या भागापर्यंत आम्ही पुन्हा सगळं बघितलं, दोन रविवार गेले. तिनं या वेळी मोरियार्टीचं एकही टिपण केलं नाही. मॅग्नुसनचं नाव कुठे कुठे येतं, तेवढंच ती लिहीत होती. त्याचा अंत्यविधी, त्याचं कुणी रडणारं माणूस, त्याच्या वर्तमानपत्रांत छापून आलेली मृत्यूची बातमी, यातलं एकही दृश्य सापडलं नाही. त्या शिपायाचं नावही नाही. तिनं दोन्ही रकाने रिकामे ठेवले आणि वही माझ्या टेबलावर सोडून गेली.